‘गेट’ समजायचं तर त्याच्या उजवीकडे पाहा

“आय गॉट अप ॲट सिक्स, गॉट ड्रेस्ड, गॉट अ टॅक्सी, गॉट टू द स्टेशन, गॉट वेट इन द रेन अँड गॉट अ कोल्ड.” हे वाक्य फार देखणं नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्या कुणालाही ते चुकीचं वाटणार नाही. तेच मराठीत सांगून पाहा. सहाला उठलो, कपडे केले, टॅक्सी पकडली, स्टेशनवर पोचलो, पावसात भिजलो आणि सर्दी झाली. आपल्याला सहा वेगवेगळी क्रियापदं लागली आणि इंग्रजीनं एकाच ‘गेट’वर सगळं भागवलं.

बोलण्यातल्या इंग्रजीत सतत कानावर पडणाऱ्या क्रियापदांत ‘गेट’ अगदी वरच्या रांगेत आहे. शब्दकोशात मात्र त्याच्या अर्थांची यादी पानंच्या पानं जाते, आणि शिकणारा माणूस ती यादी पाठ करायला बसला की दुसऱ्या पानावर दमतो. पाठांतराचा हा मार्गच चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘गेट’ला स्वतःचा असा अर्थ फार थोडा आहे. ‘आधी नव्हतं, आता आहे’ किंवा ‘आधी तिथे होतो, आता इथे आहे’ एवढंच ते सांगतं. काय नव्हतं, कुठे होतो, हे सगळं त्याच्या उजवीकडे बसलेला शब्द ठरवतो. तिथे नाम आहे, विशेषण आहे, ठिकाण आहे की आणखी एक क्रियापद आहे, एवढं पाहायची सवय लागली की बहुतेक वाक्यं आपोआप उलगडतात.

(फाटक या अर्थाचं गेट वेगळं. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, पण फाटकातला ‘ए’ लांबट आहे आणि क्रियापदातला आखूड. या लेखातलं गेट म्हणजे सगळीकडे क्रियापदच.)

हा शब्द इंग्रजीत बाहेरून आला आहे. इसवी सन 793मध्ये व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, आणि तिथून पुढे स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या टोळ्यांची रीघ लागली. लुटायला आलेली ही माणसं पुढच्या शतकात उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेती करून राहिली, तिथल्या लोकांशी सोयरिकी जमल्या आणि भाषाही मिसळल्या. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेटा’ म्हणजे मिळवणं, गाठणं, जमणं. जुन्या इंग्रजीत याच कुळातलं रूप होतं, पण ते जोडशब्दांतच सापडायचं. आजचं ‘फर्गेट’ हे त्यांपैकीच एक. त्यातला पहिला भाग ‘गमावणं, दूर जाणं’ सुचवतो, म्हणजे विसरणं ही मुळात हातची पकड सुटण्याची क्रिया. सुटं ‘गेट’ इंग्रजी लिखाणात दिसू लागतं ते 1200च्या सुमारास. ‘टेक’ आणि ‘वॉन्ट’ हेही त्याच नॉर्स पाहुण्यांचे शब्द, आणि ‘दे’ हे सर्वनामसुद्धा. सर्वनाम सहसा कुणी उसनं घेत नाही, इतकी ती सरमिसळ खोलवर गेली होती. यॉर्क शहरातल्या जुन्या रस्त्यांच्या नावांमागे जे ‘गेट’ लागतं, तेही नॉर्सच, पण त्याचा अर्थ ‘रस्ता’. आपल्या क्रियापदाशी त्याचा काही संबंध नाही.

कुळ आणखी मागे नेलं तर लॅटिनमधल्या ‘धरणं, पकडणं’ या अर्थाच्या क्रियापदाशी जाऊन भिडतं. त्या लॅटिन शाखेतून इंग्रजीला ‘प्रिझन’ मिळालं आणि ‘कॉम्प्रिहेंड’ही. तेव्हा मित्रांत बोलताना म्हटलेलं ‘आय गेट इट’ आणि पंडिती थाटाचं ‘आय कॉम्प्रिहेंड इट’ ही दूरची भावंडं आहेत. समजणं म्हणजे हाती धरणं, ही कल्पना आपल्याकडच्या ‘ग्रहण’ आणि ‘आकलन’ या शब्दांतही आहेच.

आता उजवीकडच्या शेजाऱ्यांकडे वळू. नाम असेल तर अर्थ मिळणं, मिळवणं, आणणं, घेणं यांच्या आसपास फिरतो. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे पत्र आलं, ‘आय गॉट अ जॉब’ म्हणजे नोकरी लागली, ‘आय गॉट अ हेडेक’ म्हणजे डोकं दुखायला लागलं, ‘आय डिडन्ट गेट युअर नेम’ म्हणजे नाव नीट ऐकू आलं नाही. यात मराठी माणसाला एक गोष्ट आधी बोचते आणि नंतर उपयोगी पडते. ‘मला पत्र मिळालं’ या वाक्यात मी काहीच केलेलं नाही, आणि मराठी व्याकरण ते प्रामाणिकपणे मान्य करतं. कर्ता पत्र आहे, मी नुसता ‘मला’. इंग्रजी मात्र माणसाला उचलून कर्त्याच्या जागी बसवतं, मग त्यानं कष्ट केलेले असोत की नुसतं घरी बसून पत्र स्वीकारलेलं असो. त्यामुळे ‘आय गॉट’ ऐकलं की त्या माणसानं काही पराक्रम केला, असं गृहीत धरू नये. तो झाला की नाही हे संदर्भावरून ठरतं.

‘आणणं’ या अर्थानं वापरताना ‘गेट’ आणि ‘ब्रिंग’ यांत फरक ठेवावा लागतो. फाइल ज्याच्या जवळ आहे त्याला फोनवर ‘येताना फाइल आण’ म्हणायचं असेल तर ‘ब्रिंग द फाइल’. समोर बसलेल्या माणसाला शेजारच्या खोलीतून फाइल आणायला सांगायचं असेल तर ‘गेट द फाइल’, कारण त्याला जायचंही आहे आणि यायचंही आहे. मराठीतला ‘आण’ दोन्ही कामं करतो, म्हणून आपली इथे हमखास गल्लत होते. दाराची घंटा वाजल्यावर कुणी ‘आय विल गेट इट’ म्हणालं तर तो दार आणायला जात नाही, ‘मी बघतो’ म्हणतोय. फोन वाजल्यावरही हेच वाक्य. हॉटेलात बिल आल्यावर म्हटलं तर त्याचा अर्थ ‘मी देतो’, आणि तेव्हा ते नीट ऐकू आलेलं बरं.

उजवीकडे विशेषण आलं की ‘गेट’ म्हणजे ‘होणं’. मराठीत ‘आहे’ आणि ‘झाला’ यांत जो भेद आपण विचार न करता पाळतो, तोच भेद इंग्रजीत ‘बी’ आणि ‘गेट’ यांत आहे. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे ती विवाहित आहे, ‘शी गॉट मॅरिड इन 2015’ म्हणजे 2015मध्ये तिचं लग्न झालं. ‘आय ॲम रेडी’ म्हणजे तयार आहे, ‘आय गॉट रेडी’ म्हणजे तयार झालो. ‘शी वॉज मॅरिड इन 2015’ असं म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात: तेव्हा तिचं लग्न झालं किंवा तेव्हा ती विवाहित होती. ‘गेट’ घातलं की ही संदिग्धता जाते.

बदल हळूहळू होत असेल तर मराठीत आपण ‘चालणं’ जोडतो: अंधारत चाललंय, बरं वाटत चाललंय, अवघड होत चाललंय. इंग्रजीत तिथे ‘गेटिंग’ येतं. ‘इट इज गेटिंग डार्क’, ‘आय ॲम गेटिंग बेटर’, ‘इट इज गेटिंग हार्डर’. ही जोडी इतकी चपखल बसते की भाषांतर करणाऱ्यानं डोळे मिटून वापरावी.

पण ‘होणं’ म्हणजे ‘गेट’ हे समीकरण विशेषणापाशीच थांबतं. ‘तो डॉक्टर झाला’ याचं इंग्रजी ‘ही गॉट अ डॉक्टर’ केलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, कुणीतरी आजारी पडलं आणि हा डॉक्टरला घेऊन आला. तिथे ‘ही बिकेम अ डॉक्टर’च हवं, कारण डॉक्टर हे नाम आहे आणि नामाशेजारी ‘गेट’ मिळण्या-आणण्याचाच अर्थ घेतं. शिवाय काही विशेषणांनी आपले वेगळे जोडीदार धरून ठेवलेत. झोप लागली म्हणजे ‘फेल अस्लीप’, टक्कल पडलं म्हणजे ‘वेंट बॉल्ड’, वेड लागलं म्हणजे ‘वेंट मॅड’. मराठीतही झोप ‘लागते’, टक्कल ‘पडतं’, राग ‘येतो’. आपण त्याची कारणं शोधत बसत नाही. इंग्रजीतल्या या जोड्याही तशाच पाठ कराव्यात.

याच रांगेत ‘गेट यूज्ड टू’ बसतं आणि तिथे अनेकांचा पाय घसरतो. ‘आय यूज्ड टू वेक अप अर्ली’ म्हणजे पूर्वी मी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय झाली. एक ‘गॉट’ आला, त्यामागोमाग क्रियापदाला ‘इंग’ लागलं आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला.

ठिकाणाचं प्रकरण सोपं आहे. ‘गेट टू द स्टेशन’, ‘गेट होम’, ‘गेट देअर’, सगळीकडे पोचणं. ‘होम’ आणि ‘देअर’च्या आधी ‘टू’ लागत नाही, एवढं लक्षात ठेवा. आपण मंडळी अशा वेळी ‘आय हॅव रीच्ड’ म्हणून मोकळे होतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या कानाला ते अर्धवट वाटतं, कारण ‘रीच’ला पुढे ठिकाण लागतं. तिथले लोक ‘आय गॉट हिअर’ किंवा नुसतं ‘आयॅम हिअर’ म्हणतात. वाहनात चढण्याचा नियमही मजेशीर आहे. ज्यात उभं राहून चालता येतं ती बस, ट्रेन, विमान, तिथे ‘गेट ऑन’. ज्यात वाकून थेट सीटवर बसावं लागतं ती कार किंवा टॅक्सी, तिथे ‘गेट इन’. सायकल आणि घोडा मात्र ‘ऑन’, कारण त्यांच्या आत शिरता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. ‘मी केस कापले’ असं म्हणत आपण सलूनमधून बाहेर येतो. कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे सांगायची गरज मराठीला वाटत नाही. ‘आम्ही घर बांधलं’ म्हणणाऱ्यानंही एक वीट हातात धरलेली नसते. हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की समोरचा तुमच्या डोक्याकडे जरा काळजीनं बघतो, कारण त्याचा अर्थ तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतः कात्री चालवलीत. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर इंग्रजीला ते सांगावंच लागतं: ‘आय गॉट माय हेअर कट’. आधी ‘गॉट’, मग वस्तू, मग भूतकाळी धातुसाधित. गाडी दुरुस्त करून घेतली तर ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’, डोळे तपासून घेतले तर ‘आय गॉट माय आइज टेस्टेड’. क्रम बदलून ‘आय गॉट रिपेअर्ड द कार’ केलंत तर वाक्यच मोडतं.

याच साच्यात नको असलेल्या गोष्टीही घडतात. ‘ही गॉट हिज वॉलेट स्टोलन’ म्हणजे त्यानं पाकीट चोरवून घेतलं असं नव्हे, त्याचं पाकीट चोरीला गेलं. ‘गेट युअर होमवर्क डन’मध्ये तर काम करणारा दुसरा कुणीच नाही, अभ्यास स्वतःच करायचाय, फक्त संपवून टाक असा जोर आहे. साचा तोच, पण कोण करतंय हे वाक्याबाहेरच्या जगावरून ओळखायचं.

वस्तूऐवजी माणूस आला की ‘टू’ हवाच. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे मी त्याला सही करायला तयार केलं. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे भाग पाडलं, आणि तिथे ‘टू’ नाही. ‘गेट’मध्ये मनधरणी आहे, थोडी खटपट आहे, कधी युक्तीही आहे. ‘मेक’मध्ये दांडगाई. आपल्याकडे अनेकजण ‘आय गॉट हिम साइन’ असं या दोघांच्या अधलंमधलं काहीतरी बोलतात. अर्थ पोचतो, पण वाक्य लंगडं राहतं.

उजवीकडे थेट ‘टू’ आणि क्रियापद असेल तर संधी मिळाल्याचा अर्थ निघतो: ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटायला मिळालं. मराठीतही ‘मिळालं’च. ‘आय हॅड टू मीट हर’ म्हणजे भेटावं लागलं. एकात आनंद, दुसऱ्यात नाइलाज.

कर्मणी प्रयोगातही ‘गेट’ शिरलं आहे. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे काच फुटलेली होती की तेव्हा फुटली, हे कळत नाही. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटलं की घटना डोळ्यांपुढे येते. पण या प्रयोगाला वाईट बातमीची ओढ जास्त. ‘गॉट फायर्ड’, ‘गॉट कॉट’, ‘गॉट हर्ट’ सर्रास ऐकू येतं. चांगल्यासाठीही चालतं, ‘गॉट प्रमोटेड’ म्हणतातच. त्याच्या स्वरात मात्र ‘असं झालं बघ’ असा बोलण्यातला ढंग असतो, त्यामुळे वृत्तपत्राच्या मथळ्यात ते सहसा दिसत नाही.

‘हॅव गॉट’ हे एक वेगळंच त्रांगडं आहे. रूप पाहिलं तर ‘मिळवलं आहे’, पण अर्थ नुसता ‘आहे’. ‘आयव्ह गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ज्यानं मिळवलंय त्याच्याकडे ते असणारच, या तर्कानं अर्थ सरकत सरकत इथवर आला. पुढे ‘टू’ आलं तर सक्ती: ‘आयव्ह गॉट टू गो’, मला निघायलाच हवं. बोलताना त्याचं ‘गॉटा’ होतं.

अमेरिकेत यात आणखी एक पदर आहे. तिथे ‘गॉटन’ हे रूप अजून जिवंत आहे. ‘आयव्ह गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आयव्ह गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली. ‘आयव्ह गॉट टू गो’ म्हणजे जायला हवं, ‘आयव्ह गॉटन टू गो’ म्हणजे जायला मिळालं. ब्रिटिश माणसाला ही सोय नाही, तो दोन्हीकडे ‘गॉट’ म्हणतो आणि वर ‘गॉटन’ला अमेरिकन बिघाड समजतो. वस्तुस्थिती उलटी आहे. 1611मध्ये इंग्लंडात छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘गॉटन’ आहे. अमेरिकेला गेलेल्यांनी जुनं जपलं आणि घरी राहिलेल्यांनी ते टाकून दिलं. ‘फर्गॉटन’ मात्र त्यांच्याही तोंडी राहिलं आहे.

राहता राहिले वाक्प्रचार, आणि इथे मराठी फार मदतीला येते. ‘गेट अवे विथ’चं शब्दशः भाषांतर करू गेलात तर अडकाल, पण ‘चोरी पचली’ म्हणालात तर काम झालं. ‘गेट बाय’ म्हणजे भागणं, निभणं. ‘आय नेव्हर गॉट राउंड टू इट’ म्हणजे ‘मुहूर्तच लागला नाही’. ‘गेट द हँग ऑफ इट’ म्हणजे हात बसणं. ‘ही गेट्स ऑन माय नर्व्ह्ज’ म्हणजे आजच्या भाषेत ‘तो डोक्यात जातो’. ‘गेट इव्हन’ म्हणजे उट्टं काढणं, ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे एकदाचं उरकून टाकणं, आणि ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे ‘तुमचा रोख कुठे आहे?’. ‘गेट कॅरीड अवे’ला तर आपल्याकडे त्याच प्रतिमेचा ‘वाहवत जाणं’ तयारच आहे. ‘गेट लॉस्ट’शी मात्र सांभाळून. ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे आमची वाट चुकली, पण कुणाच्या तोंडावर नुसतं ‘गेट लॉस्ट’ म्हटलं तर ‘चालता हो’. अमेरिकन मित्र बातमी ऐकून ‘गेट आउट!’ म्हणाला तर उठून जाऊ नका, तो ‘काय सांगतोस!’ म्हणतोय.

शाळेत ‘निबंधात गेट वापरू नका’ अशी ताकीद असते. ती अर्धीच बरोबर आहे. औपचारिक पत्रात ‘आय गॉट युअर लेटर’पेक्षा ‘आय रिसीव्ह्ड युअर लेटर’ शोभतं, अहवालात ‘प्रायसेस गॉट हायर’पेक्षा ‘प्रायसेस रोझ’ नेमकं वाटतं, ‘परमिशन’ ‘ऑब्टेन’ केलेली बरी. पण या सल्ल्याच्या भरात काही लोक ‘गेट मॅरिड’, ‘गेट रेडी’, ‘गेट ड्रेस्ड’, ‘गेट यूज्ड टू’ हेसुद्धा खोडून तिथे अवजड शब्द बसवतात. ‘गेट रेडी’ला ‘बिकम रेडी’ केलं की वाक्य शब्दकोश उघडून लिहिल्यासारखं दिसतं. असे प्रयोग औपचारिक लिखाणातही जसेच्या तसे ठेवावेत.